पुराव्यावर भिस्त: एडविन आर्मस्ट्राँगच्या चरित्राची प्रस्तावना

रेडिओचा शोध म्हटला की आपल्याकडे मार्कोनीचे नाव निघते. जरा जाणकार मंडळी असली तर जगदीशचंद्र बोस यांचा उल्लेख होतो, आणि तो व्हायलाच हवा. एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग हे नाव मात्र रेडिओच्या संगतीत वाढलेल्या पिढीनेही क्वचितच ऐकलेले असते. इलेक्ट्रॉनिक्सच्या परीक्षेत सुपरहेटरोडाइन रिसीव्हरचा ब्लॉक डायग्राम हमखास येतो. मुले तो घोकतात, काढतात, गुण मिळवतात. तो कुणाच्या डोक्यातून निघाला हे त्यांना कोणी सांगत नाही.

जुना ट्रान्झिस्टर ज्यांनी कधी उघडून पाहिला असेल, त्यांनी आर्मस्ट्राँगचे काम डोळ्यांनी पाहिलेले आहे. मागचे झाकण काढले की फेराइटची काळी दांडी दिसते, तिच्यावर तांब्याची केसासारखी तार गुंडाळलेली असते, आणि खाली पट्टीवर पत्र्याच्या चार चिमुकल्या चौकोनी डब्या ओळीने बसवलेल्या असतात. प्रत्येकीच्या माथ्यावर रंग: लाल, पिवळा, पांढरा, काळा. लाल डबी ऑसिलेटरची आणि बाकीच्या तीन आय.एफ.च्या, म्हणजे इंटरमीडिएट फ्रीक्वेन्सीच्या. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर दुरुस्तीवाले 'आयएफटीचा सेट द्या' म्हणून मागत आणि दुकानदार न बघता ड्रॉवरमधून काढून देई. स्टेशन एकमेकांत मिसळायला लागले की बारीक स्क्रू ड्रायव्हरने याच डब्यांचे माथे पाव पाव फेरा फिरवून संच 'लायनीत' आणायचा, ही त्या धंद्यातली पहिली विद्या. या डब्यांमागची कल्पना 1918 साली, पहिले महायुद्ध चालू असताना, पॅरिसमध्ये अमेरिकी सैन्यातल्या एका कॅप्टनला सुचली. तो कॅप्टन म्हणजे आर्मस्ट्राँग. त्याच्या नावावर असे तीन मोठे शोध आहेत आणि यातला कुठलाही एक असता तरी रेडिओच्या इतिहासात त्याची जागा पक्की झाली असती.

त्याच्याबद्दल जे थोडे लिहिले जाते ते बहुधा एकाच साच्यातले असते: एकटा प्रतिभावंत, समोर बलाढ्य कंपनी, कोर्टकचेऱ्या, आणि शेवटी आत्महत्या. या गोष्टीतला तपशील खरा आहे. पण ती तेवढीच सांगितली तर माणूस हातातून निसटतो. मला या चरित्रात जे सांगायचे आहे ते असे की, आर्मस्ट्राँगला त्याच्या टेबलावर ज्या गुणाने मोठे केले तोच गुण त्याने कोर्टात नेला, आणि तिथे त्याच गुणाने त्याचा घात केला. तो गुण म्हणजे पुराव्यावरची त्याची भिस्त. मोजून दाखवले, ऐकवून दाखवले की वाद मिटला, असे तो मनापासून मानत असे. मीटरच्या काट्यापुढे वाद मिटतोही. वकिलांपुढे, कंपनीच्या संचालकांपुढे, सरकारी आयोगापुढे तो तसा मिटत नाही, हे त्याने अखेरपर्यंत मान्य केले नाही.

त्याचा जन्म 18 डिसेंबर 1890 चा, न्यूयॉर्कचा. वडील ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या अमेरिकेतल्या शाखेत होते, आई लग्नाआधी शाळेत शिकवत असे. लहानपणी त्याला कोरिया नावाचा आजार झाला. त्यात अंगाला नकळत झटके येतात. त्यापायी शाळा दोन वर्षे सुटली, आणि चेहऱ्याला व खांद्याला बसणारा झटका जन्मभर मागे राहिला. मोकळ्या हवेसाठी म्हणून कुटुंब हडसन नदीकाठी योंकर्सला राहायला गेले. घराच्या माळ्यावरची खोली मुलाला मिळाली. वडील लंडनहून येताना पुस्तके आणत. त्यांत शोधांच्या आणि शोधकांच्या गोष्टींची पुस्तके होती, आणि चौदाव्या वर्षीच त्याने आपण संशोधक होणार हे ठरवून टाकले. पुढे अंगणात त्याने एकट्याने सव्वाशे फूट उंच अँटेनाचा खांब उभारला. दोराला टांगलेल्या फळीवर बसून तो स्वतःला वर ओढून घेई. उंचीची त्याला भीती नव्हती, ओढ होती. ती आयुष्यभर टिकली.

कोलंबिया विद्यापीठात तो विद्युत अभियांत्रिकी शिकला, मायकेल प्युपिन या मोठ्या प्राध्यापकाच्या हाताखाली. घरून मोटरसायकलवर जा-ये करायचा. त्या काळात ली डी फॉरेस्टने 1906 साली काढलेला 'ऑडिऑन' नावाचा व्हॉल्व्ह रेडिओवाल्यांच्या हाती आला होता. काचेच्या फुग्यात तापणारी फिलामेंट, धातूची प्लेट आणि मध्ये जाळीसारखी ग्रिड. ग्रिडवर किंचित विद्युतदाब बदलला की प्लेटकडे जाणारा प्रवाह बराच बदलतो. आज हे पाठ्यपुस्तकात असते. तेव्हा खुद्द डी फॉरेस्टलाही आपला ऑडिऑन नेमका कसा चालतो हे कळलेले नव्हते. आतल्या उरलेल्या वायूमुळे तो चालतो अशी त्याची समजूत होती. आर्मस्ट्राँगने तर्क करत न बसता ऑडिऑन ऑसिलोग्राफला जोडला आणि आत काय चालले आहे त्याचे आलेख घेतले. प्लेटच्या प्रवाहात अँटेनावरच्या लहरीचीच वाढलेली प्रतिमा त्याला दिसली. पुढची उडी इथूनच आली: ही वाढलेली लहर थोडीशी मागे वळवून पुन्हा ग्रिडलाच दिली तर?

लहान मूल झोक्यावर बसलेले असते, झोका मागे येऊन वळण्याच्या क्षणी हलकासा धक्का द्यावा, की पुढच्या खेपेला तो जास्त वर जातो. प्रत्येक फेरीत तेच. धक्का छोटा, पण वेळ साधलेली. आर्मस्ट्राँगच्या जोडणीत हे सेकंदाला लाखो वेळा घडत होते. 1912 च्या सप्टेंबरातल्या एका रात्री त्याने माळ्यावर ही जोडणी पुरी केली, आणि जे संदेश कानाला हेडफोन घट्ट दाबून जेमतेम ऐकू येत ते टेबलावर हेडफोन ठेवूनही ऐकू येऊ लागले. त्याने मध्यरात्री धाकट्या बहिणीला उठवून ही बातमी सांगितली. परत दिलेला हिस्सा आणखी वाढवला की व्हॉल्व्ह स्वतःच लहरी निर्माण करू लागतो, हेही त्याच्या ध्यानात आले. म्हणजे 'रिजनरेशन' नावाच्या या एकाच जोडणीतून संवेदनशील रिसीव्हर आणि व्हॉल्व्हवर चालणारा ट्रान्समीटर, दोन्ही निघाले. त्या वेळी तो अजून पदवीचा विद्यार्थी होता, वय एकवीस.

पेटंटसाठी वडिलांनी पैसे दिले नाहीत. आधी पदवी घे, म्हणाले. कोणत्याही मध्यमवर्गीय बापाने हेच सांगितले असते. मग त्याने जोडणीचा आराखडा काढून 31 जानेवारी 1913 रोजी नोटरीकडे साक्षांकित करून ठेवला. पेटंटचा अर्ज ऑक्टोबर 1913 मध्ये गेला, आणि 6 ऑक्टोबर 1914 ला त्याला पेटंट मिळाले, क्रमांक 1113149. या मधल्या काळाची किंमत त्याला पुढे वीस वर्षे मोजावी लागली.

जानेवारी 1914 च्या अखेरीस न्यूजर्सीतल्या बेलमार इथे मार्कोनी कंपनीच्या केंद्रावर त्याने रिसीव्हरचे प्रात्यक्षिक केले. कडाक्याच्या थंडीत, एका साध्या शेडमध्ये. जोडणी पेटीत बंद. कोणाला आत डोकावू दिले नाही. कंपनीतर्फे जो तरुण अधिकारी हजर होता त्याचे नाव डेव्हिड सार्नॉफ. रशियातून आलेल्या गरीब ज्यू कुटुंबातला, न्यूयॉर्कच्या रस्त्यावर वर्तमानपत्रे विकत वाढलेला, वयाने आर्मस्ट्राँगच्याच बरोबरीचा. त्या रात्री दोघांनी मिळून आयर्लंडमधल्या क्लिफडेनचे आणि पॅसिफिकपलीकडे होनोलुलूचे संदेश ऐकले. सार्नॉफ भारावून गेला आणि तसे त्याने वरिष्ठांना लिहूनही कळवले. या दोघांची मैत्री त्या रात्रीची. पुढे चाळीस वर्षांनी काय झाले ते वाचताना हे विसरू नये, म्हणून या पुस्तकात बेलमारच्या रात्रीला एक पूर्ण प्रकरण दिले आहे.

सुपरहेटरोडाइनचे काम युद्धातले. सैन्याने त्याला सिग्नल कोअरमध्ये कॅप्टन करून पॅरिसला पाठवले होते. तो परतला तेव्हा मेजर होता, आणि 'मेजर' ही ओळख त्याला कायमची चिकटली. अडचण अशी होती की फार उच्च फ्रीक्वेन्सीच्या क्षीण लहरी त्या वेळचे व्हॉल्व्ह वाढवू शकत नव्हते. त्याने विचार उलटा केला. व्हॉल्व्ह सुधारण्याची वाट बघण्याऐवजी येणारी लहरच व्हॉल्व्हला झेपेल अशा खालच्या फ्रीक्वेन्सीवर आणावी. संचातच एक स्थानिक लहर तयार करायची आणि ती आलेल्या लहरीत मिसळायची. दोघींच्या फरकाची एक नवी लहर मिळते. स्टेशन बदलले की स्थानिक लहरही त्याबरोबर बदलायची, म्हणजे फरक नेहमी तोच राहतो. मग त्या एकाच ठरावीक फ्रीक्वेन्सीसाठी उत्तम ॲम्प्लिफायर बनवला की काम झाले. आपल्याकडच्या मिडियम वेव्ह संचांत हा फरक साधारण 455 किलोहर्ट्झ असतो, आणि वर सांगितलेल्या पिवळ्या, पांढऱ्या, काळ्या डब्या त्याच आकड्याला लावलेल्या असतात. फ्रान्समध्ये ल्युसिएन लेव्ही आणि जर्मनीत वॉल्टर शॉट्की हेही स्वतंत्रपणे याच कल्पनेपर्यंत आले होते. लेव्हीच्या दाव्यापुढे आर्मस्ट्राँगला अमेरिकेतल्या पेटंटमधला बराच भाग सोडावा लागला. हे मुद्दाम सांगतो, कारण त्याच्या भक्तांनी लिहिलेल्या चरित्रांत हा भाग घाईने उरकलेला दिसतो. पण ही कल्पना घराघरातल्या संचात बसेल इतकी पक्की करण्याचे श्रेय त्याचेच आहे.

यानंतर काही वर्षे भरभराटीची गेली. वेस्टिंगहाउसने 1920 मध्ये त्याचे पहिले दोन शोध 3,35,000 डॉलरला घेतले. सुपररिजनरेशन नावाच्या आणखी एका जोडणीसाठी रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिकेने, म्हणजे आरसीएने, रोख रक्कम आणि भरपूर शेअर दिले, आणि मेजर त्या कंपनीचा सर्वांत मोठा वैयक्तिक भागधारक झाला. आता आरसीएत असलेल्या सार्नॉफची सेक्रेटरी मॅरियन मॅकिनिस हिच्याशी त्याचे सूत जमले. 1923 च्या मे महिन्यात तो न्यूयॉर्कमधल्या एका इमारतीवरच्या आरसीएच्या मनोऱ्याच्या अगदी टोकाला चढला, फोटो काढून घेतले आणि ते तिला पाठवले. सार्नॉफ संतापला. त्याच वर्षी 1 डिसेंबरला लग्न झाले. नवरीला भेट म्हणून त्याने स्वतः बनवलेला, हातात उचलून नेता येणारा सुपरहेटरोडाइन संच दिला.

डी फॉरेस्टशी चाललेला खटला मी या पुस्तकात विस्ताराने मांडला आहे, कारण आर्मस्ट्राँगचा स्वभाव समजायला याहून चांगले ठिकाण नाही. डी फॉरेस्टचे म्हणणे होते की 1912 च्या ऑगस्टमध्येच त्याच्या सहाय्यकाच्या वहीत अशाच जोडणीची नोंद आहे. ती नोंद टेलिफोनसाठीच्या एका ॲम्प्लिफायरची होती. त्यातून शिटीसारखा आवाज निघाला, आणि ती मंडळी तो आवाज घालवायच्या खटपटीला लागली. त्यापलीकडे त्यांनी त्याचे काही केले नाही. 1921 आणि 1922 मध्ये न्यायालयांनी आर्मस्ट्राँगच्या बाजूने कौल दिला. इथे प्रकरण संपवता आले असते. डी फॉरेस्ट कफल्लक होता, खर्च आणि भरपाई द्यायची त्याची ऐपत नव्हती; ती माफ केली तर अंतिम हुकूमनामा होऊन वादावर पडदा पडला असता. वकिलांनी परोपरीने समजावले. आर्मस्ट्राँगने ऐकले नाही. योंकर्सच्या खांबावर त्याने पेटंटचा क्रमांक लिहिलेले निशाण फडकवले, डी फॉरेस्टच्या घरातून दिसावे म्हणून, असे सांगतात. हुकूमनामा लटकला, डी फॉरेस्टला वॉशिंग्टनमध्ये पुन्हा दाद मागायची संधी मिळाली, आणि 1924 पासून पारडे फिरले. 1928 मध्ये सर्वोच्च न्यायालयातही निकाल विरुद्ध गेला.

तरी तो थांबला नाही. रेडिओ इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज या छोट्या कंपनीवर आरसीएने दावा लावला होता; त्या कंपनीचा खर्च स्वतः उचलून त्याने तोच प्रश्न पुन्हा न्यायालयात नेला. इथे पैशांचे गणित समजून घ्यायला हवे. दोन्ही पेटंटांवर तोवर आरसीएचा हक्क आला होता. आर्मस्ट्राँगचे पेटंट 1914 चे, त्याची मुदत 1931 मध्ये संपली; डी फॉरेस्टचे 1924 मध्ये मंजूर झालेले, ते 1941 पर्यंत चालणार. कंपनीला कोणता शोधक सोयीचा, हे सांगायला नको. मे 1934 मध्ये न्यायमूर्ती कार्डोझो यांनी निकाल दिला, डी फॉरेस्टच्या बाजूने. काही दिवसांतच फिलाडेल्फियाला रेडिओ अभियंत्यांच्या संस्थेचे अधिवेशन भरले. 1917 मध्ये संस्थेने आपले पहिले सन्मानपदक आर्मस्ट्राँगला दिले होते, याच शोधासाठी. ते परत करायला तो गेला. अध्यक्ष जॅन्स्की यांनी त्याला बोलूच दिले नाही. पदक तुमचेच आहे, संस्था आपला निर्णय पुन्हा एकदा दृढ करते आहे, असे जाहीर केले, आणि सभागृह उठून उभे राहिले. ज्यांना सर्किट वाचता येत होते त्यांनी आपला निवाडा दिला होता. कायद्यात त्याला किंमत नव्हती.

याच काळात त्याचे सर्वांत मोठे काम, रेडिओतली खरखर घालवण्याचे, चालू होते, आणि त्या कामासाठीच मुळात हे पुस्तक लिहायला घेतले. पावसाळ्याच्या तोंडावर मिडियम वेव्हवर आकाशवाणी लावली की वीज चमकण्याच्या प्रत्येक क्षणी संचातून कडकडाट येतो, गाण्याची ओळच्या ओळ खरखरीत बुडते, हा अनुभव आपल्या घरोघरचा. मिडियम वेव्हवर आवाज लहरीच्या उंचीवर स्वार झालेला असतो. विजेचा लोळ, मिक्सरची मोटर, रस्त्यावरच्या स्कूटरचा प्लग, हे सगळे लहरीच्या उंचीतच ढवळाढवळ करतात. रिसीव्हरला गाणे कुठले आणि वीज कुठली हे ओळखता येत नाही. उंची सोडून फ्रीक्वेन्सी बदलावी, ही कल्पना नवी नव्हती. पण खरखर कमी करायची तर पट्टा जितका अरुंद तितके चांगले, कारण दार लहान तर कचरा कमी, असे सर्वांनी धरून ठेवले होते. बेल कंपनीतले गणिती जॉन कार्सन यांनी 1922 मध्ये गणित मांडून दाखवले की फ्रीक्वेन्सी बदलून काहीच फायदा नाही. त्यांचे गणित बरोबर होते. त्यांनी ते अरुंद पट्ट्यासाठी केले होते, एवढेच.

आर्मस्ट्राँगने पट्टा रुंद केला. मिडियम वेव्हच्या स्टेशनला 10 किलोहर्ट्झ पुरत, तिथे त्याने 200 मागितले. रिसीव्हरमध्ये लिमिटर बसवला, म्हणजे लहरीच्या उंचीतले सगळे चढउतार सरसकट छाटून टाकायचे. तरीही खरखर फ्रीक्वेन्सीत थोडी हालचाल करतेच. ती पूर्ण टाळता येत नाही. पण आवाजाने होणारी हालचाल 75 किलोहर्ट्झपर्यंत वाढवली, तर त्यापुढे खरखरीची हालचाल नगण्य ठरते. पट्टा वाढवला तर गोंगाटही वाढतो हे खरे, पण आवाज त्याहून किती तरी जास्त वेगाने वर येतो. हे त्याने आधी मोजले. गणित मागून आले. 26 डिसेंबर 1933 रोजी या पद्धतीची, म्हणजे फ्रीक्वेन्सी मॉड्युलेशनची किंवा एफ.एम.ची, पेटंटे त्याला मंजूर झाली.

सार्नॉफने खरखर घालवणारी एखादी छोटी पेटी मागितली होती. आर्मस्ट्राँगने त्याच्यापुढे नवी प्रसारणपद्धतच ठेवली: नवे ट्रान्समीटर, नवे रिसीव्हर, नवा पट्टा. तरी 1934 मध्ये आरसीएने त्याला एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या 85 व्या मजल्यावरचे आपले प्रक्षेपण केंद्र वापरू दिले. तिथून शंभर किलोमीटरहून दूर लाँग आयलंडच्या किनाऱ्यावर एका मित्राच्या घरी त्याने रिसीव्हर ठेवला, आणि एकाच केंद्रावरून आलटून पालटून दोन्ही पद्धतींनी ऑर्गनवादन पाठवले. जुन्या पद्धतीत संगीत खरखरीत बुडत होते, नव्या पद्धतीत ते निखळ येत होते. वादळात, विजांच्या कडकडाटातही. 1935 मध्ये कंपनीने त्याला यंत्रसामग्री हलवायला सांगितले. जागा टेलिव्हिजनच्या प्रयोगांसाठी हवी होती.

5 नोव्हेंबर 1935 ला न्यूयॉर्कमध्ये अभियंत्यांच्या सभेत त्याने निबंध वाचला. वाचता वाचता थांबून, एक छोटे प्रात्यक्षिक बघू या म्हणाला. योंकर्समध्ये त्याचा हौशी रेडिओवाला मित्र रनियन आपल्या घरच्या ट्रान्समीटरपाशी बसला होता. सभागृहातला रिसीव्हर स्टेशनवर आला तेव्हा आधी तो बंद पडला असे वाटले, इतकी त्यात शांतता होती. मग रनियनचा आवाज आला. मग पेल्यात पाणी ओतल्याचा आवाज. मग कागद चुरगाळल्याचा. घंटेचा नाद उठला आणि विरेपर्यंत ऐकू आला. रेडिओवर पाण्याचा आवाज पाण्यासारखा यावा हे तिथे बसलेल्या अभियंत्यांनी त्याआधी कधी ऐकले नव्हते. जिथे ऐकणाऱ्याला कान आणि समज दोन्ही आहे, तिथे आर्मस्ट्राँगची पद्धत कशी लागू पडते हे या संध्याकाळी दिसते.

त्यापुढचे सगळे त्याने स्वतःच्या पैशांनी केले. हडसनच्या पलीकडच्या तीरावर, योंकर्ससमोर, आल्पाइन इथल्या कड्यावर चारशे फुटांहून उंच मनोरा बांधला. त्यावर 3 लाख डॉलरहून जास्त घातले. 1939 च्या उन्हाळ्यात तिथून प्रक्षेपण सुरू झाले. तो मनोरा आजही उभा आहे; 11 सप्टेंबर 2001 ला वर्ल्ड ट्रेड सेंटर कोसळले आणि त्यावरचे अँटेना गेले, तेव्हा न्यूयॉर्कच्या काही टीव्ही केंद्रांनी तात्पुरता आसरा घेतला तो याच मनोऱ्याचा. जनरल इलेक्ट्रिक आणि न्यू इंग्लंडमधले यँकी नेटवर्क यांनी एफ.एम. उचलून धरले. रेडिओचे पट्टे वाटून देणाऱ्या सरकारी आयोगाने 42 ते 50 मेगाहर्ट्झचा पट्टा दिला आणि 1 जानेवारी 1941 पासून व्यापारी प्रसारणाला मुभा मिळाली. आरसीएने 1940 मध्ये एकरकमी 10 लाख डॉलर देऊ केले, रॉयल्टी मात्र देणार नाही म्हणाली. इतर कंपन्या रॉयल्टी देत होत्या. त्यांच्याशी बेइमानी होईल म्हणून त्याने नकार दिला. हा नकार मला आजही बरोबर वाटतो. डी फॉरेस्टच्या वेळचा हट्ट आणि हा नकार, दोन्ही एकाच माणसाचे. पण एकात सूड होता आणि दुसऱ्यात न्याय.

युद्धाच्या काळात त्याने आपली पेटंटे सैन्याला विनामूल्य वापरू दिली. अमेरिकी रणगाड्यांत आणि जीपगाड्यांत एफ.एम. संच बसले. जून 1945 मध्ये आयोगाने एफ.एम.ला उचलून 88 मेगाहर्ट्झच्या वर नेऊन ठेवले. वातावरणाच्या वरच्या थरातून होणारा अडथळा हे कारण दिले गेले. आर्मस्ट्राँगने आणि इतर अनेक अभियंत्यांनी ते तेव्हाच खोडून काढले होते. लोकांच्या घरातले लाखो संच एका आदेशाने निकामी झाले. आपल्या मोबाइलमधला एफ.एम. 88 ते 108 या पट्ट्यात का असतो, याचे उत्तर त्या आदेशात आहे. भारतात पहिले एफ.एम. प्रसारण मद्रासहून 23 जुलै 1977 ला झाले ते याच पट्ट्यात. आणि ज्यांनी दूरदर्शन छपरावरच्या ॲल्युमिनियमच्या अँटेनावर पाहिले, त्यांनी एफ.एम. तिथेही ऐकले होते, कारण त्या प्रक्षेपणात चित्र जुन्या पद्धतीने येई आणि आवाज आर्मस्ट्राँगच्या पद्धतीने.

त्या वर्षांतला एक आनंदाचा प्रसंगही आहे. जानेवारी 1946 मध्ये अमेरिकी सैन्याने चंद्राकडे रडारचा संदेश पाठवला आणि सुमारे अडीच सेकंदांनी त्याचा प्रतिध्वनी पृथ्वीवर ऐकला. पहिल्यांदाच. त्या यंत्रणेत आर्मस्ट्राँगच्या कामाचा मोठा वाटा होता, आणि जागा होती बेलमारचे तेच जुने मार्कोनी केंद्र, आता सैन्याच्या ताब्यातले.

टेलिव्हिजन संचांत आवाजासाठी एफ.एम. वापरूनही आरसीए रॉयल्टी देत नव्हती. जुलै 1948 मध्ये त्याने दावा ठोकला. कंपनीला घाई नव्हती. जबान्या वर्षानुवर्षे चालल्या, तोवर मूळ पेटंटांची मुदत संपली आणि रॉयल्टीचा ओघ आटला. सार्नॉफने शपथेवर सांगितले की एफ.एम.च्या विकासासाठी आरसीएने जेवढे केले तेवढे कोणीच केले नाही. आर्मस्ट्राँग समोर बसून ऐकत होता. सार्नॉफला खलपुरुष ठरवणे सोपे आहे, आणि मी ते टाळले आहे. त्याच्यावर टेलिव्हिजनची जबाबदारी होती, भागधारकांचा पैसा होता, आणि एफ.एम.मुळे त्याच्या कंपनीची सारी जुनी केंद्रे शिळी होणार होती. त्याच्या जागी बसलेल्या माणसाने काय करायला हवे होते याचा विचार वाचकाने करावा. पण शपथेवरचे ते विधान मात्र खोटे होते, आणि ते खोटे आहे हे त्याला माहीत होते असे माझे मत आहे.

1953 च्या नोव्हेंबरात पैशांवरून घरात भांडण झाले, आर्मस्ट्राँगने हातातल्या लोखंडी सळईने मॅरियनच्या हातावर मारले, आणि ती बहिणीकडे निघून गेली. तीस वर्षांच्या संसारात असे कधी झाले नव्हते. 31 जानेवारी 1954 च्या रात्री त्याने तिला क्षमा मागणारे पत्र लिहिले आणि आयुष्य संपवले. वय त्रेसष्ट. या प्रसंगाचा तपशील पुस्तकात गरजेपुरताच आहे. एका माणसाच्या अखेरच्या रात्रीवर पाने भरणे मला पटत नाही, आणि त्याच्या आत्महत्येला पराक्रमाचा रंग देणे तर मुळीच नाही. तो आजारी होता, थकला होता, एकटा पडला होता. त्या वेळी कोणाची तरी मदत हवी होती.

मॅरियनबद्दल मात्र जास्त लिहायला हवे होते असे मागच्या चरित्रांविषयी वाटत राहते. तिने डिसेंबर 1954 मध्ये आरसीएशी 10 लाख डॉलरहून थोड्या जास्त रकमेवर तडजोड केली आणि बाकीच्या कंपन्यांवरचे दावे एकेक करून चालू ठेवले. नवऱ्याला जे जमले नाही ते तिने केले: कुठे तडजोड करायची, कुठे नाही, हे ओळखले. शेवटचा दावा मोटरोलावरचा. तो 1967 मध्ये निकाली निघाला. सगळे ती जिंकली. शेवटची दोन प्रकरणे तिची आहेत, आणि त्यांचे मथळे तिच्याच नावाने दिले आहेत.

वाचताना एक सोय सांगून ठेवतो. सर्किटांचे स्पष्टीकरण प्रत्येक प्रकरणाच्या अखेरीस वेगळे दिले आहे, ज्यांना गोष्टच वाचायची आहे त्यांनी ते ओलांडून पुढे जावे. 'व्हॉल्व्ह', 'ग्रिड', 'ऑसिलेटर', 'लिमिटर' हे शब्द दुरुस्तीच्या दुकानात जसे बोलले जातात तसेच ठेवले आहेत. आकृत्या मी हाताने काढल्या आहेत, आणि रिजनरेशनची जोडणी ज्यांना स्वतः करून बघायची आहे त्यांच्यासाठी आजच्या ट्रान्झिस्टरवरचा साधा आराखडा चौथ्या प्रकरणाला जोडला आहे: एक ट्रान्झिस्टर, एक गँग कंडेन्सर, फेराइटची दांडी, थोडी तार आणि हेडफोन. कॉइलच्या वेटोळ्यांची दिशा चुकली तर काहीच ऐकू येणार नाही. तेव्हा परत येणाऱ्या कॉइलची दोन टोके उलटी जोडून बघावी.